एक चित्र, बारा घरे

मनुष्यास जे सुंदर दिसते, ते एकट्याने पाहून त्याचे समाधान होत नाही. डोंगरावर चढलेला मुलगा खाली रेंगाळणाऱ्या सोबत्यास हाक मारून "वर ये, काय दिसते ते पाहा" असे म्हणतो. घरी नव्या मोसमाचे सीताफळ आले, तर आई त्यातील दोन शेजारी पाठविल्याखेरीज राहत नाही. या लेखात आम्ही ज्या छंदाची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देणार आहो, त्याचे मूळ मनुष्याच्या याच स्वभावात आहे. आपण स्वतः घेतलेली छायाचित्रे स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून त्यांची पोस्टकार्डे करावयाची, ती समानशील मित्रांस टपालाने पाठवावयाची आणि त्यांची कार्डे आपल्या घरी येऊ द्यावयाची, असा हा छंद होय.

आज खिशातल्या मोबाईलने एका क्षणात चित्र निघते व दुसऱ्या क्षणी ते सातासमुद्रापार पोहोचते. मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे एखादा चतुर विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही उपदेशाने न देता आपल्याच जिल्ह्यात घडलेल्या गोष्टीने देऊ. तत्पूर्वी ही देवघेव चालते कशी, ते पाहू.

फिल्मवर चित्रे घेणारे हौशी लोक जगात अद्यापि पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी दहावीस जण मिळून नावांची व पत्त्यांची एक यादी करितात आणि एक मुदत ठरवितात. प्रत्येकाने आपले एक चित्र निवडावयाचे, यादीत जितकी नावे तितक्या त्याच्या प्रती स्वतः छापावयाच्या, पाठीवर पत्ता व चार ओळी लिहावयाच्या आणि मुदतीच्या आत त्या टपालात टाकावयाच्या. संक्रांतीस आपण तिळगुळाचा डबा घेऊन निघतो. आपला तिळगूळ दहा जणांस देतो आणि घरी परततो तेव्हा आपल्या डब्यात दहा घरांचा तिळगूळ असतो. कोणाचा कडक, कोणाचा मऊ, कोणाचा किंचित जळका. पण तो बाजारचा नव्हे, त्या त्या घरचा. या कार्डांचेही तसेच आहे.

पोस्टकार्ड ही वस्तू फार जुनी नाही. पहिले पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रियात निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून पाव आण्यास मिळू लागले. प्रारंभी कार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे. १९०२ साली ब्रिटनने पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करून अर्ध्यात मजकूर लिहिण्यास मुभा दिली, तेव्हा दुसरी बाजू संपूर्णपणे चित्रासाठी मोकळी झाली. पुढच्याच वर्षी कोडॅक कंपनीने पोस्टकार्डाएवढे निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा विकावयास आणला. अशा निगेटिव्हखाली कागद ठेवून उजेड दिला की कार्ड तयार! मग गावोगावचे फोटोवालेही पाठीवर पत्त्याच्या रेघा छापलेल्या कागदावर गिऱ्हाइकांची चित्रे छापून देऊ लागले. आपल्या घरच्या जुन्या आल्बमातील आजोबा-पणजोबांचे छायाचित्र सोडवून उलटे करून पाहावे. पुष्कळदा ते मुळात पोस्टकार्डच असल्याचे आढळेल.

परंतु छायाचित्रांची देवघेव ही पोस्टकार्डाहूनही जुनी आहे. लंडनमधील हौशी मंडळींनी १८५५ च्या सुमारास मंडळ स्थापून आपापल्या चित्रांच्या प्रती एकमेकांस देण्याचा व त्यांचे आल्बम करण्याचा परिपाठ ठेविला होता. अमेरिकेत १८६१ साली न्यूयॉर्कच्या काही हौशी गृहस्थांनी असेच एक मंडळ काढिले. त्याच्या प्रत्येक सभासदाने दर दोन महिन्यांनी इतर प्रत्येक सभासदास स्वहस्ते छापलेले निदान एक जोडचित्र पाठवावे, असा नियम होता. जोडचित्र म्हणजे एकाच देखाव्याची किंचित निरनिराळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे. ती विशिष्ट भिंगांतून पाहिली असता देखावा खोल व भरीव दिसतो.

त्याच काळात, न्यूयॉर्कपासून सहस्रावधी मैल दूर, आपल्या अजिंठ्याच्या खोऱ्यातही एक मनुष्य अशीच जोडचित्रे घेत होता. त्याचे नाव रॉबर्ट गिल. मद्रासच्या सैन्यातील या अधिकाऱ्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमिले. वाघूर नदीच्या वळणावरील त्या अंधाऱ्या लेण्यांत, उन्हाळा, पावसाळा, ताप आणि वटवाघळे यांस न जुमानता त्याने वर्षानुवर्षे तैलरंगांत मोठमोठ्या नकला केल्या. त्या विलायतेस रवाना झाल्या व लंडनजवळ सिडनहॅम येथील स्फटिकमहालात लोकांस पाहण्यासाठी मांडण्यात आल्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या महालास आग लागली आणि गिलच्या तेथे असलेल्या बहुतेक सर्व नकला जळून गेल्या. एका मनुष्याच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे एका रात्रीत राख झाली.

दुर्दैव एवढ्यावरच थांबले नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या नकला पुन्हा नव्याने केल्या. त्याही लंडनला गेल्या. १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांपैकी कित्येक नष्ट झाल्या. दोन पिढ्यांचे श्रम दोन आगींनी खाल्ले. मूळ भिंतींवरील चित्रांची त्यानंतर झीज झालेली आहे. म्हणून या हानीची भरपाई आज कोणासही करता येणार नाही.

आता या दुःखद कथेतील दुसरी बाजू पाहा. गिलने कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती धरिला होता. त्याने घेतलेली चौऱ्याहत्तर छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन याच्या वर्णनासह १८६४ साली, म्हणजे आगीच्या दोन वर्षे आधी, लंडन येथे ग्रंथरूपाने निघाली. त्याच वर्षी त्याच्या शंभर जोडचित्रांचेही पुस्तक निघाले. त्या काळी छायाचित्र शाईने छापण्याची सोय नव्हती. प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक चित्र निरनिराळे काढून पानावर चिकटवावे लागे. त्या प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत व घरांत गेल्या. त्यामुळे एका महालाची आग त्या सर्वांस लागू शकली नाही. गिल १८७९ साली वारला व भुसावळास त्याची कबर आहे. पण त्याने पाहिलेली अजिंठा-वेरूळची लेणी आजही त्या पानांवर दिसतात. ग्रिफिथ्स यांनीही उरलेल्या साहित्यावरून १८९६-९७ साली दोन मोठे खंड छापून काढिले, म्हणून त्यांचे काम आज आपणांस ठाऊक आहे. पुढे निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांच्या साहाय्याने अजिंठ्याचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले, तेही याच मार्गाने जगभर पोहोचले.

करड्या छायाचित्रास रंगीत नकलेची सर येत नाही, हे आम्ही जाणतो. तैलचित्रांत जे रंग होते ते गिलच्या छायाचित्रांत नाहीत. तथापि जी वस्तू एकच होती व एकाच ठिकाणी जपून ठेविली होती ती गेली, आणि जी अनेक हातांत वाटली गेली ती राहिली, एवढी गोष्ट यावरून निर्विवाद सिद्ध होते. जपून ठेवणे म्हणजे कुलूप लावणे असे आपण समजतो. कित्येकदा देऊन टाकणे हेच खरे जपून ठेवणे असते.

आमच्या स्वतःच्या घरातही याचा प्रत्यय आला. आमच्या आजीचे तरुणपणीचे एकच छायाचित्र काढिलेले होते. फोटोवाल्याने त्याच्या सहा प्रती पोस्टकार्डावर छापून दिल्या. आजोबांनी एक घरी ठेविली व पाच नातलगांस पाठविल्या. घरची प्रत ट्रंकेत तळाशी, रेशमी वस्त्रात गुंडाळून, अत्यंत जिवापाड जपलेली होती. एका पावसाळ्यात माळवद गळले, ट्रंकेत पाणी शिरले, आणि वस्त्र उलगडले तेव्हा कागदावर केवळ एक डाग होता. आजी त्यावर काही बोलली नाही. तिने तो कागद पुन्हा तसाच गुंडाळून ठेविला. ती गेल्यानंतर काही वर्षांनी पैठणच्या एका आप्तांकडे जुने कागद चाळताना त्या सहांपैकी एक कार्ड निघाले. कोपरा उंदराने खाल्लेला, टपालाचा शिक्का अर्धा पुसलेला, परंतु चेहरा स्वच्छ. पाठीवर आजोबांच्या हातची मोडी होती. ती जाणत्याकडून वाचवून घेतली, तेव्हा कळले की खुशालीखाली त्यांनी लिहिले होते: "वेणीत अबोलीचा गजरा होता, तो फोटोत आला नाही." जो गजरा चित्रात नाही, तो त्या एका ओळीमुळे आज आमच्या घरातील लेकरांस दिसतो.

मोबाईलवरील चित्रही शंभर जणांस पाठविता येते, असे कोणी म्हणेल. येते खरे, परंतु आलेले चित्र ठेवितो कोण? जागा मोकळी करावी म्हणून ते पुसले जाते, आणि यंत्र बिघडले किंवा हरवले म्हणजे पाठविणाऱ्याकडचेही जाते. जी वस्तू करण्यास कोणास तरी अर्धा दिवस लागला व जिच्यावर आपले नाव शाईने लिहिलेले आहे, ती सहसा कोणाच्याने टाकवत नाही. हाताने केलेल्या कार्डाचे बळ ते हेच.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. फिल्मवरून रुपेरी छायाचित्र छापण्यास अंधारी खोली लागते. कागदावर चांदीच्या क्षाराचा थर असतो. लाल दिव्याच्या उजेडात त्यावर निगेटिव्हची प्रतिमा काही सेकंद पाडितात आणि कागद डेव्हलपरमध्ये बुडवितात. तेव्हा कोऱ्या कागदावर चित्र हळूहळू उमटू लागते. नंतर सौम्य आम्लाच्या पाण्याने डेव्हलपरचे काम थांबवावयाचे, हायपोच्या द्रावणाने उरलेला क्षार काढून टाकावयाचा आणि कार्ड भरपूर पाण्यात धुवावयाचे. हायपोचा हा उपयोग सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने दाखवून दिला. ही पद्धत सुंदर आहे, पण खर्चाची आहे. उटकमंडच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म पालकांपैकी अनेकांस स्मरत असेल. तो कारखाना बंद पडला, आणि फिल्म व कागद आता बहुधा परदेशाहून येतात.

यास्तव विद्यार्थ्यांनी आरंभ हर्शेलच्याच दुसऱ्या शोधाने करावा. १८४२ साली त्याने चांदीऐवजी लोखंडाच्या क्षारांनी निळी चित्रे उमटविण्याची युक्ती काढिली. तिला सायनोटाइप म्हणतात. इंजिनिअरांचे जुने निळे नकाशे याच रीतीने होत. पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या विदुषीने समुद्रवनस्पतींची अशी निळी चित्रे करून त्यांचे पुस्तक भागाभागांनी तयार केले. छायाचित्रांनी सजविलेले हे पहिले पुस्तक समजले जाते. तिने ते दुकानात मांडिले नाही. आपल्या शास्त्रज्ञ स्नेह्यांस वाटले. त्यांपैकी काही प्रती आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही विद्यमान आहेत.

या कृतीस अंधारी खोली लागत नाही. ऊन लागते, आणि मराठवाड्यात त्याचा तुटवडा नाही! फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरव्या जातीचे) २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या बाटलीत पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावे. दोन्ही बाटल्या गडद रंगाच्या असाव्यात. ऐन वेळी दोन्ही द्रावणे समभाग मिसळावीत. प्रत्येकी दहा मिलिलिटर घेतल्यास सुमारे बारा कार्डे होतात. ड्रॉइंगचा जाड कागद कार्डाच्या मापाने कापून, मंद दिव्याच्या उजेडात त्यावर रुंद कुंचल्याने मिश्रणाचा पातळ हात द्यावा व कागद बंद कपाटात वाळू द्यावेत. वाळल्यावर त्यावर पिंपळाचे पान किंवा निगेटिव्ह ठेवावे, वरून काच दाबून चिमटे लावावेत आणि उन्हात धरावे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे निगेटिव्ह लहान असते. त्याचे टपालाच्या तिकिटाहून थोडे मोठे चित्र कार्डाच्या मधोमध उमटवावे, तेही गोजिरे दिसते. मोठे चित्र हवे असल्यास पारदर्शक प्लॅस्टिकवर मोठे निगेटिव्ह छापून घेता येते.

स्वच्छ उन्हात बहुधा दहा मिनिटांच्या आसपास काम होते; ढगाळ दिवशी अधिक वेळ लागतो. प्रथम एक तुकडा घेऊन परीक्षा करावी. पिवळट हिरवा लेप निळसर होऊन शेवटी राखेसारखा दिसू लागला की कागद सावलीत आणून साध्या पाण्यात धुवावा. पिवळे पाणी जाणे थांबेपर्यंत धुणे चालू ठेवावे. जेथे ऊन पोहोचले तेथे निळा रंग राहतो. जेथे पान होते तेथे कागद पांढरा उरतो. यातील शास्त्र असे की, सूर्यकिरणांतील अतिनील भागामुळे लोखंडाच्या एका रूपाचे दुसरे रूप होते व ते फेरिसायनाइडशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारा गडद निळा रंग बनतो. आपल्याकडील बोअरचे पाणी पुष्कळदा क्षारयुक्त असते आणि क्षाराने हा रंग फिका पडतो. म्हणून पहिल्या पाण्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. चित्र साबणाच्या पाण्यात कधीही धुऊ नये.

पालकांस एक सूचना करितो. ही कृती वडील माणसांच्या देखरेखीखाली व्हावी, हातमोजे वापरावेत, आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ किंवा विस्तवाजवळ नेऊ नये.

एक चांगले कार्ड करणे फारसे कठीण नाही. बारा सारखी कार्डे करणे कठीण आहे. तिसऱ्यावर कुंचल्याचा केस चिकटतो, पाचवे उन्हात विसरते, आठव्याच्या वेळी ढग येतो. मन म्हणते की ज्यास हे जाणार त्याने इतर अकरा पाहिलेली नाहीत, त्यास काय कळणार? त्या वेळी ते कार्ड बाजूस ठेवून नवा कागद घ्यावा. न पाहणाऱ्यासाठीही काम चोख करणे, ही या छंदाची खरी परीक्षा आहे, आणि शाळेत शिकण्यासारख्या गोष्टींत हिचे स्थान वरचे आहे.

चित्र कशाचे घ्यावे? बिबीच्या मकबऱ्याची चित्रे असंख्य आहेत. ती आणखी एक झाली तर हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. आपले छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, दरवाजांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबरच्या भडकल दरवाजाखालून आपण नित्य जातो. तेथे सकाळच्या उन्हाची तिरीप कोठे पडते, हे कोणी टिपले आहे काय? हिमरू विणणाऱ्या कारागिराचा हात, पाणचक्कीच्या हौदावर वाकलेले मूल, आपल्या गल्लीतील जुन्या वाड्याची कडी, आजीचे जाते, ही चित्रे घ्यावीत. जे उद्या असेलच असा भरवसा नाही आणि जे तुमच्यावाचून दुसरा कोणी टिपणार नाही, ते आधी टिपावे. मनुष्याचे चित्र घेण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, ती कसोशीने पाळावी; त्या भिंतींनी पुष्कळ सोसले आहे.

कार्डाच्या पाठीवर आपले नाव, स्थळ, दिनांक व कृती लिहावी. आणि त्याखाली चित्रात न दिसणारी एक गोष्ट अवश्य लिहावी. जात्यावर आजी कोणती ओवी म्हणे, वाड्याच्या कडीचा आवाज कसा येई, ते लिहावे. कार्डाचे माप व लागणारे तिकीट यांची चौकशी टपालकचेरीत करून घ्यावी. पत्ता सुवाच्य असावा. शिक्क्याची शाई चित्रास लागली तर रुसू नये. तीही त्या प्रवासाची खूण आहे.

शेवटी थोडे गणित करू. एका वर्गातील बारा विद्यार्थ्यांनी असे मंडळ केले, प्रत्येकाने बारा प्रती केल्या, एक स्वतःजवळ ठेवून अकरा पाठविल्या, तर एकंदर एकशे चव्वेचाळीस कार्डे होतील, प्रत्येकाच्या घरी बारा निरनिराळी चित्रे जमतील, आणि प्रत्येक चित्र बारा घरांत राहील. त्यांतील एका घराचे माळवद गळेल, दुसऱ्यात उंदीर शिरेल, तिसरे घर गाव सोडून जाईल. तरी कोठे ना कोठे एक कार्ड उरेल, आणि आजपासून पन्नास वर्षांनी एखादा नातू ते उलटे करून त्यावरील ओळ वाचील.

गिलजवळ अजिंठ्याचे रंग होते, ते एका घरात राहिले व गेले. आपल्याजवळ लोखंडाचा निळा रंग, मराठवाड्याचे ऊन व टपालाची पेटी एवढेच आहे; परंतु घरे बारा आहेत. दिवाळीच्या सुटीत पाऊस सरलेला असतो व ऊन निर्मळ असते. विद्यार्थ्यांनी तो सुमुहूर्त समजून यादी करावयास घ्यावी.